चौदाव्या मजल्यावरची बॅटरी

साठीपर्यंत धोंडू तांडेल जमिनीपासून एका पायरीपेक्षा वर कधी राहिला नव्हता. डिलाईल रोडच्या खिमजी चाळीत त्याची खोली तळमजल्यावर. घर आणि रस्ता यांच्यामध्ये एकच पायरी, तीही झिजून अर्धी झालेली. मग चाळ पाडली, तिथे टॉवर उभा राहिला, आणि पुनर्वसनाच्या विंगमधल्या घरांच्या चिठ्ठ्या काढल्या तेव्हा धोंडूच्या नावावर चौदावा मजला निघाला. सगळ्यांनी अभिनंदन केलं. "तांडेल, हवा काय येईल रे तुझ्याकडे!"

हवा आली. पुढच्याच वर्षी भाऊच्या धक्क्यावर बोट रिकामी करताना मासळी वर ओढायच्या विंचचा दोर तुटला आणि तीस वर्षं बोट हाकणारा हा तांडेल मासळीच्या खणात पाठीवर पडला. जीव वाचला. पाय जागेवर राहिले, फक्त सांगितलेलं ऐकेनासे झाले. तेव्हापासून चौदाव्या मजल्यावर हवा यायची आणि जायची, धोंडू तेवढा जायचा राहिला.

असे चौदा महिने गेले. ढकलायची साधी खुर्ची होती, पण ढकलणार कोण? बायको राधाबाई पहाटे धक्क्यावरून मासळी घेऊन थेट लालबागच्या मार्केटात, दुपारी घटकाभर घरी, चारला पुन्हा मार्केटात. मुलगी पूर्वी सासरी उरणला. धोंडूने खिडकीत बसून घारी ओळखायला घेतल्या. खिडकीला कबुतरांसाठी जाळी मारलेली होती. पहिल्याच आठवड्यात त्याने ती बोटांनी चाचपून पाहिली आणि राधाबाईला निकाल सांगितला, "एक इंचाचा फासा हाय. बोंबील सुटंल यातनं. मी न्हाय."

मग कुणाची तरी जुनी विजेवर चालणारी खुर्ची मिळाली. तिला शिशाच्या दोन बॅटऱ्या, एकेक उचलायला गडी लागावा अशी. त्यांत पाणी भरा, रात्रभर चार्ज करा, आणि सकाळी खुर्ची करी रोडच्या पुलापर्यंत थाटात जायची. पुलाच्या अर्ध्या चढावर मात्र लग्नात रुसलेल्या पाहुण्यासारखी थांबायची ती थांबायचीच. दोन वेळा टॅक्सीवाल्यांनी ढकलून खाली आणली. तिसऱ्या वेळी एका बाईने हातात वडापाव ठेवला. धोंडूने खाल्ला, पण त्यानंतर पुलाचं नाव काढलं नाही.

गेल्या दिवाळीला पूर्वीने नवी खुर्ची आणली. लिथियमवाली. सीटखालून कप्पा ओढावा तशी बॅटरी बाहेर यायची, वरती हँडल, वजन एका मध्यम सुरमईएवढं. पाणी नको, ॲसिड नको, चार तासांत पोट भरलेलं. आणि पूल? पूल तर तिने असा चढला की धोंडूलाच दोन्ही हात धरून बसावं लागलं. वरती पोचल्यावर त्याने खुर्ची कडेला घेतली आणि खालून जाणाऱ्या लोकलच्या टपाकडे उगाच बघत बसला. डोळ्यांत काय गेलं होतं ते त्याने कुणाला सांगितलं नाही.

तेव्हापासून चार ते सात ही त्याची वेळ. बरोबर चारला लिफ्ट, मग फाटक, पूल, लालबाग मार्केट. तिथे राधाबाईच्या पाटीशेजारी खुर्ची लावून तो गिऱ्हाइकांना मासळीची माहिती द्यायचा. याचा धंद्याला फायदा होत होता असं म्हणता येणार नाही.

"तांडेल, हा पापलेट ताजा ना?"

"ताजा? परवाचा हाय तो. तो हलवा घे."

"अगो बाई," राधाबाई कोयता आपटायची, "घरी बसव रं देवा याला!" पण चार वाजून दहा मिनिटं झाली आणि खुर्ची दिसली नाही की तीच फोन करायची. "कुठं मेलास? मान मोडली माझी पुलाकडं बघून बघून."

तर अशा माणसाच्या हातून जी चूक झाली ती फक्त कोळ्याच्याच हातून होऊ शकते, म्हणून नीट सांगायला हवी.

मे महिना होता. धोंडू एका दुपारी राधाबाईचा विसरलेला डबा द्यायला भर उन्हात पूल ओलांडून गेला आणि परत आला. घरी येऊन बॅटरी बाहेर काढली तर तव्यासारखी तापलेली. चार्जर लावला तर त्याच्यावरचा लाल दिवा लुकलुकायला लागला. चार्जरचं म्हणणं साधं होतं, थोडं थंड होऊ द्या. धोंडूचं म्हणणं, थंड करायला वेळ कुठे, चारला निघायचंय.

आता ज्या माणसाच्या सात पिढ्यांनी, बिघडणारी वस्तू दिसली की बर्फावर घाल, एवढं एकच शास्त्र पाळलं, तो काय करणार? स्वयंपाकघरात जागा नसल्यामुळे राधाबाईचा थर्माकोलचा बर्फाचा डबा पलंगाशेजारीच असायचा. आत भुगा बर्फ आणि त्यावर एक देखणी सुरमई. वरच्या मजल्यावरच्या हेझलच्या वाढदिवसासाठी बाजूला काढलेली. धोंडूने बॅटरी प्लॅस्टिकच्या पिशवीत घातली आणि सुरमईच्या शेजारी निजवली. पिशवीला भोक होतं. मासळीच्या घरातल्या पिशवीला ते असतंच.

दीड तासाने काढली तेव्हा बॅटरी अशी गारेगार की हाताला बरं वाटावं. पुसली, लगेच चार्जरला लावली. दिवा हिरवा! धोंडू स्वतःवर इतका खूश झाला की हा शोध खुर्चीच्या कंपनीला कळवावा का, असा विचार त्याने त्या संध्याकाळी पुलावर दोनदा केला.

पाचव्या दिवशी बॅटरी कप्प्यात बसेना. आत ढकलली की शेवटी जो 'खट्' व्हायचा तो होईना. त्याने ती मांडीवर घेऊन उलटीपालटी केली. एक बाजू सपाट होती. दुसरी बाजू जेवणानंतर पडलेल्या माणसाच्या पोटासारखी वर आलेली. समुद्रात केंड नावाचा मासा असतो, हात लावला की फुगून चेंडू होतो. जाळ्यात आला तर कोळी त्याला हळूच परत सोडतात, कारण तो विषारी. धोंडूला तोच आठवला. फरक एवढाच की हा परत सोडायला खाली समुद्र नव्हता, तेरा मजले माणसं होती.

त्याने जाळं विणायचा नायलॉनचा दोरा घेतला, बॅटरी कप्प्यात बसवून चार फेरे मारले, वर तांडेलाची गाठ दिली आणि चारला निघाला. पुलाच्या चढावर सीटखालून एक वास आला. गोडसर, नखांना लावायच्या पॉलिशसारखा. त्याने आजूबाजूला पाहिलं. नेलपॉलिश लावलेलं कुणी नव्हतं. एक बैल होता.

नेमकं त्याच संध्याकाळी लिफ्टशेजारच्या फळ्यावर नोटीस लागली.

नोटीस लिहिणारा सेक्रेटरी नॉर्मन. नॉर्मन परेरा, परळ गावातल्या जुन्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती घराण्यातला. खिमजी चाळीत धोंडूच्या डोक्यावर राहायचा, टॉवरमध्येही पंधराव्या मजल्यावर बरोबर डोक्यावरच आला. विम्याच्या ऑफिसात 'फायर अँड मरीन' खात्यात अडतीस वर्षं काढली. म्हणजे आग लागून गेल्यावर काय लिहायचं यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. आग लागण्याआधी लिहायची ही पहिलीच वेळ, म्हणून नोटीस अंमळ लांब झाली होती. कुठल्याशा उपनगरात स्कूटरची बॅटरी घरात चार्ज होता होता पेटली, सगळा मजला काळा झाला, म्हणून यापुढे घरात बॅटरी चार्ज करायची नाही. स्कूटरवाल्यांनी खाली पार्किंगमध्ये करावी. कलम चार, आजारी माणसांच्या साधनांना सवलत, पण सेक्रेटरी रविवारी घरी येऊन बॅटरी तपासेल. कलम सहा, नादुरुस्त बॅटरी कोणत्याही परिस्थितीत लिफ्टमधून न्यायची नाही. 'कोणत्याही' खाली दोन रेघा.

धोंडूने नोटीस दोनदा वाचली. मंगळवार होता. रविवारपर्यंत पाच दिवस.

त्या पाच दिवसांत तो चौदा महिन्यांपेक्षा जास्त अडकला. तेव्हा निदान दोष पायांचा होता. आता सांगितलं तर बॅटरी जाणार, आणि बॅटरी गेली की चार ते सात गेले, पूल गेला, पापलेटवरून होणारी भांडणं गेली, उरली खिडकी आणि घारी. न सांगितलं तर ती फुगलेली वस्तू घरात, आणि पलंगावर राधाबाई. एकदा त्याला वाटलं, दुपारी कुणी नसताना खिडकीतून टाकून द्यावी. पण खिडकीला जाळी होती. एक इंचाची.

चार्ज करायचं त्याने बंद केलं. बुधवारी चार वाजले तर तो गेला नाही.

फोन आला. "कुठं मेलास?"

"ऊन हाय."

"ऊन? दर्यावर तीस वर्सं काय छत्री घेऊन बसायचास?"

गुरुवारी त्याने कंबर दुखते म्हणून सांगितलं, शुक्रवारी पोट. शनिवारी राधाबाई दुपारी घरी आली ती पाटी ठेवून त्याच्यासमोर उभी राहिली. धोंडू खिडकीकडे तोंड करून बसायचा तो गेले चार दिवस खुर्चीत नव्हताच. तो पलंगावर बसून समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत होता, गळाला मासा लागायची वाट बघावी तसा.

"तांडेल," ती म्हणाली, "मी काय बोलले का तुला? त्या पापलेटवरनं?"

"न्हाय गो."

"मंग? रागावलास तर सांग. गिऱ्हाईक विचारतंय. ती दातांची डॉक्टरीण म्हणाली, तुमचे मिस्टर खरं बोलतात म्हणून मी इथंच घेते. आता खोटं बोलून मला एकटीला विकाय लागतंय."

धोंडूला त्याच क्षणी सगळं सांगावंसं वाटलं. पण तिच्या मागे घड्याळ होतं, त्यात पावणेतीन झाले होते, आणि पाऊण तासाने राधाबाई पुलावरून त्या बाजूला उतरणार होती, एकटी, चालत, कुणालाही न विचारता. त्याला तिचा विलक्षण हेवा वाटला. तो म्हणाला, "सोमवारी येतो."

कारण नॉर्मनला तो ओळखत होता. नॉर्मन बघणार नाही.

रविवारी नॉर्मन चर्चमधून थेट आला. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला पेन, हातात क्लिपबोर्ड. पलंगाच्या कडेला बसला आणि आधी राधाबाईने दिलेला चहा संपवला. ती आत बोंबलाला पीठ लावत होती.

"हे बघ धोंडू, फॉर्मॅलिटी आहे," नॉर्मन म्हणाला. "बी विंगमधल्या लोकांना सगळं कागदावर पाहिजे. मी वाचतो, तू सांग, मी लिहितो."

"बघत न्हाईस?"

"काय बघायचं? तुझ्या घरात येऊन तुझ्या खुर्चीखाली वाकून बघू? लाज नाही वाटणार मला?"

ही खिमजी चाळीची रीत. पन्नास वर्षं एकमेकांच्या दारातून जाताना कुणी आत डोकावलं नाही आणि कुणी दारही लावलं नाही. काय ते विचारायचं, सांगेल ते खरं.

"कंपनीचाच चार्जर?"

"हो."

"पलंगाजवळ चार्ज करत नाही ना?"

"न्हाय. दारापाशी."

"बॅटरी कुठे फुटली, गळते, फुगली आहे का?"

आतून बोंबील तेलात सोडल्याचा चर्रर्र आवाज आला. धोंडू दचकला आणि म्हणाला, "न्हाय."

नॉर्मनने सुवाच्य अक्षरात 'नाही' लिहिलं, खाली सही केली, खिशातून एक हिरवा गोल स्टिकर काढून खुर्चीच्या पाठीला चिकटवला. झालं. सोमवार, मंगळवार, सगळे वार धोंडूचे. चार ते सात त्याचे. त्याला हलकं वाटायला पाहिजे होतं.

"थँक गॉड," नॉर्मन उठता उठता म्हणाला. "आता हेझलला सांगतो, झोप म्हणून. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून तिला एकच भीती, आग लागली तर जिना कसा उतरणार. नोटीस मीच लिहिली आणि माझीच बायको घाबरली. चार दिवस विचारते, धोंडूची बॅटरी आपल्या पलंगाच्या बरोबर खाली येते का रे? म्हटलं, येते. पण धोंडूची आहे."

तो दारापर्यंत गेला. धोंडूने त्याच्या पाठीकडे पाहिलं. पंधराव्या मजल्यावर एक बाई होती जिला खाली उतरता येत नव्हतं. ते म्हणजे काय हे या इमारतीत त्याच्याइतकं कुणाला माहीत होतं?

"नॉर्मन," तो म्हणाला. "फुगलीय."

"काय?"

"बॅटरी. फुगलीय. दोऱ्यानं बांधून ठेवलीय."

नॉर्मन आधी खुर्चीपासून दोन पावलं मागे सरला. मग क्लिपबोर्डकडे बघत हताशपणे म्हणाला, "अरे, मी पेनने लिहिलंय!"

"खोड."

"कधीपासून?"

"मंगळवारपासनं. बर्फात ठेवली होती, त्यानंतर."

स्वयंपाकघराच्या दारात राधाबाई झारा घेऊन उभी होती. "कुठल्या बर्फात?"

धोंडूने पलंगाशेजारच्या डब्याकडे पाहिलं.

"माझ्या बर्फात? सुरमईच्या डब्यात?" तिचा झारा हळूहळू नॉर्मनकडे वळला. "अरे देवा. ती सुरमई मी हेझलला दिली."

"ती आम्ही खाल्ली," नॉर्मन म्हणाला. आणि झाऱ्याकडे बघत पुढे जोडलं, "चांगली होती."

त्यानंतर राधाबाई जे बोलली त्यातलं अर्धं छापता येणार नाही आणि उरलेलं अर्धं ती रडत बोलली, त्यामुळे नीट कळलं नाही. एवढं कळलं की तिला राग बर्फाचा नव्हता. "चार दिवस! चार दिवस बाँब राखत बसलास आन् मला म्हणतोस पोट दुखतंय! मी काय तुला वर कोंडून ठेवणार होते? मी?"

"तू न्हाय गो," धोंडू म्हणाला. "मजला."

मग नॉर्मनच्या आत अडतीस वर्षं झोपलेलं फायर डिपार्टमेंट जागं झालं. त्याने खुर्चीच्या माहितीपुस्तकातून नंबर काढून कंपनीच्या सर्व्हिसमधल्या दीपक नावाच्या माणसाला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. दीपकला धोंडूची खुर्ची आठवत होती. बर्फाचं ऐकून त्याने दोनदा विचारलं, बर्फ म्हणजे बर्फच ना?

"काका, आत पाणी गेलं. त्यात गार बॅटरी लगेच चार्ज केली. ही लिथियम फार गुणाची वस्तू आहे हो, वजनाला हलकी, ताकदीला दांडगी. पण तेवढी ताकद एवढ्याशा डब्यात कोंडलीय, म्हणून तिचे असले लाड चालत नाहीत. आता चार्ज करू नका, टोचू नका, दाबू नका. कोरड्या वाळूत ठेवून इमारतीबाहेर मोकळ्यावर न्या. मी माणूस पाठवून उचलतो."

"आणि नवी?" धोंडूने विचारलं.

"पाठवतो ना काका. पण या बॅटऱ्या विमानाने येत नाहीत, ट्रकने येतात. वीस दिवस धरा."

वीस दिवस. धोंडूने मान हलवली, जणू दीपकला ती दिसणार होती.

वाळू इमारतीत होती. प्रत्येक मजल्यावर लिफ्टसमोर लाल बादली टांगलेली, वर 'आग' असं लिहिलेलं. चौदाव्या मजल्याच्या 'आगी'त कुणीतरी कोरफड लावली होती. कोरफड उपटली. धोंडूने गाठ सोडली. ती त्यालाच सुटणार होती. बॅटरी हँडलला धरून अलगद वाळूत ठेवली, वर आणखी वाळू घातली. नॉर्मनने बादली उचलली आणि लिफ्टचं बटण दाबायला बोट पुढे केलं. बोट तिथेच थांबलं.

"कलम सहा," धोंडू म्हणाला.

"माहितेय मला!"

"दोन रेघा मारल्यास तू."

"माहितेय रे बाबा!" नॉर्मन एकाहत्तर वर्षांचा होता. त्याने चौदा मजल्यांच्या जिन्याकडे पाहिलं, चर्चचा शर्ट कोपरापर्यंत दुमडला आणि निघाला. एका बाजूने राधाबाईने बादलीची कडी धरली. तिने आयुष्यभर डोक्यावरून पाट्या वाहिल्या होत्या, तिला बादलीचं काही नव्हतं. नॉर्मनचंच ओझं जास्त होतं.

धोंडू पलंगावर एकटा राहिला. मोरीच्या खिडकीतून इमारतीचा डक्ट, म्हणजे मधली उभी पोकळी, दिसायचा, आणि जिन्याच्या जाळ्याही त्याच डक्टमध्ये उघडायच्या. तो पलंगावरून हातांवर सरकत मोरीपर्यंत गेला आणि तोंड खिडकीला लावून ओरडला, "कुठं आलात?"

"बारा!" राधाबाईचा आवाज.

"आपटू नकोस. डावा हात ढिला सोड."

"मला शिकवतोय!"

"कितवा?"

"नऊ. नॉर्मनभाऊ बसलेत."

"बसू नको म्हणावं. बादली खाली ठेव, चार पावलं लांब हो, मंग दम घे." तीस वर्षं वादळात माणसांना सांगायचा तसा त्याचा आवाज झाला होता. सातव्या मजल्यावर अचानक जोरात 'स्सस्स' झालं. धोंडू ओरडला, "राधा! राधा गो!"

मग खालून आवाज आला, "कुकर हाय! सातव्यावरल्या रुचाच्या घरचा!"

तो मोरीच्या ओल्या लादीवर तसाच पाठ टेकून बसला. कपाळाचा घाम पुसला आणि मजले मोजायला लागला. पाच. तीन. मग बराच वेळ काही नाही, आणि शेवटी लांबून, विहिरीच्या तळातून यावा तसा, "पोचलो!"

बादली कंपाउंडच्या कोपऱ्यात, भिंत, झाड, गाडी सगळ्यांपासून लांब ठेवली गेली. शेजारी नॉर्मनने खुर्ची टाकली आणि दीपकचा माणूस येईपर्यंत पहारा केला. बी विंगमधली स्पृहा खाली उतरताना म्हणाली, "अंकल, बादलीत काय लावलंय?" नॉर्मन म्हणाला, "जवळ जाऊ नकोस, चावतं."

सोमवारी चार वाजले. खुर्ची दारापाशी उभी होती, पोटात रिकामा कप्पा, पाठीला हिरवा स्टिकर. धोंडू त्या दोघांकडेही बघत नव्हता. फोन आला नाही, कारण आज तो का येणार नाही हे राधाबाईला माहीत होतं, आणि ते फोन न येणं त्याला फारच लागलं.

मंगळवारी चारला दार वाजलं. नॉर्मन होता. चौदा मजले उतरून त्याच्या पोटऱ्या अजून इतक्या दुखत होत्या की तो दोन्ही पाय सरळ ठेवून खेकड्यासारखा आला.

"या खुर्चीला मागे एक खटका असतो," तो म्हणाला. "तो पाडला की चाकं मोकळी होतात. पुस्तकात लिहिलंय. ढकलता येते."

"चाळीस किलो हाय ती. वर मी."

"वर तू. ते पुस्तकात नाही."

ढकलत, थांबत, लिफ्टमध्ये तिरकी घालून, ते खाली आले. खाली तळमजल्यावरून फाटकापर्यंत सपाट होतं, तेवढं जमलं. फाटकाबाहेर मात्र रस्त्यावर चढायला उतार उलटा होता, टिचभरच, पण नॉर्मनने तीनदा जोर लावला आणि तिन्ही वेळा खुर्ची वीतभर चढून त्याच्याच पोटावर परत आली. वॉचमन जागेवर नव्हता. करी रोडचा पूल समोर दिसत होता, त्याच्या चढावरून एक हातगाडीवाला वाकून वर चालला होता.

"सॉरी," नॉर्मन धापा टाकत म्हणाला. "एवढंच जमतंय मला."

"मंग इथंच लाव."

नॉर्मनने खुर्ची फाटकाच्या खांबाला टेकवली, चाकाखाली वीट सरकवली आणि स्वतः वॉचमनच्या स्टुलावर बसला. दोघे रस्त्याकडे बघत राहिले. बस गेली. एक वरात आली आणि ट्रॅफिकमध्ये अडकून नाचतच राहिली. कुणी मासळीबद्दल विचारलं नाही. पुलाच्या माथ्यावर बऱ्याच वेळाने एक पाटी दिसली. राधाबाई आज लवकर निघाली होती. फाटकाशी येऊन तिने दोघांकडे पाहिलं, पाटी जमिनीवर ठेवली, वरचं फडकं बाजूला केलं आणि खुर्चीशेजारी फतकल मारून बसली.

"काय राहिलंय?" धोंडूने विचारलं.

"चार बांगडे."

त्याने वाकून पाहिलं. "सकाळचे हायत."

"हो बाबा, सकाळचे हायत."

अंधारायला लागलं तेव्हा नॉर्मन पोटऱ्या चोळत उठला. "चला? वर जायचं? हेझल वाट बघत असेल."

धोंडूचं लक्ष नाक्याकडे होतं. लाल दिव्यापाशी गाड्यांची रांग लागली होती, पुढच्या स्कूटरवाल्याने पाय जमिनीवरून उचललेसुद्धा होते.

"थांब रे," तो म्हणाला. "हा एक सिग्नल सुटू दे."